सन्मती मगदूमचं खातं

“हा सन्मती मगदूम कोण आहे?”

तन्मय देवस्थळीनं अगदी हसतमुखानं विचारलं. भिंतीवरच्या पडद्यावर ते नाव लाल चौकटीत दिसत होतं. तन्मय पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचा विक्री प्रतिनिधी होता, आणि महिनाभराच्या चाचणीत आपल्या मालानं काय पकडलं ते दाखवायला शिरोलीला आमच्या फाउंड्रीत आला होता. मीटिंग रूममध्ये सगळ्या विभागांचे प्रमुख बसले होते. कपबशांचे आवाज थांबले.

“नाही, म्हणजे गंमत बघा,” तन्मय पुढं म्हणाला, “हे खातं चालू आहे. रोज दुपारी यातून कुणीतरी आत येतंय. पण पगाराच्या यादीत या नावाचा माणूसच नाही. वर्षापूर्वी सोडून गेलाय. गेलेला माणूस रोज कामावर येतोय! दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरनं हे तुमच्यापुढं ठेवलं असतं का, सांगा.”

माझ्या समोरच्या खुर्चीत अण्णा बसले होते. पॅटर्न शॉपचे प्रमुख. ओतकामाचे साचे ज्यांवरून काढतात ते लाकडी नमुने त्यांच्या हाताखाली बनायचे. त्यांचं पूर्ण नाव नेमगोंडा मगदूम. पण फाउंड्रीत त्यांना मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे अण्णाच म्हणायचे. सकाळी तन्मयशी ओळख करून देताना मीही तेवढंच म्हटलं होतं.

अण्णांनी हातातला कप बशीत ठेवला.

“माझा मुलगा,” ते म्हणाले. “सोडून नाही गेला. वारला.”

तन्मयचा चेहरा पांढरा पडला. तो काहीतरी पुटपुटत पडद्यावरचं चित्र बदलायला गेला, घाईत भलतंच बटण दाबलं गेलं आणि सन्मतीचं नाव होतं त्याहून मोठं झालं. शेवटी मीच उठून यंत्राची वायर काढली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी ती नोकरी सोडली, कोल्हापूरही सोडलं. पण त्या दुपारपासून पुढं जे घडत गेलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

मी फाउंड्रीत कॉम्प्युटर विभाग सांभाळत होते. आम्ही जर्मनीतल्या एका मोटार कंपनीला इंजिनाचे भाग ओतून द्यायचो. त्यांची रेखाचित्रं आमच्या कॉम्प्युटरवर असायची, म्हणून त्यांनी अट घातली होती, की कोण केव्हा आत येतं, काय उघडतं, काय बाहेर नेतं, यावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बसवा. आमचा माणूस येऊन तपासेल, मगच पुढचं काम. मालक धैर्यशील चौगुले यांनी ती निवड माझ्यावर सोपवली. मी दोन सॉफ्टवेअर चाचणीसाठी शेजारी शेजारी लावली. एक बंगळूरच्या कंपनीचं, एक पुण्याच्या. ऑफिसात त्यांना बंगळूरवालं आणि पुणेवालं म्हणायचे.

दोघांनाही एकाच नोंदी मिळत होत्या. पण स्वभाव वेगळे. बंगळूरवालं प्रत्येक गोष्टीवर ओरडायचं. कुणाचा पासवर्ड चुकला की इशारा, प्रिंटर बंद झाला की इशारा. सकाळी येऊन बघावं तर पानंच्या पानं भरलेली. पुणेवालं महिनाभर जवळजवळ गप्पच होतं. मी तुलना लिहायला घेतली होती, आणि खरं सांगायचं तर माझा कल बंगळूरवाल्याकडं होता, कारण ते काहीतरी काम करतंय असं दिसत तरी होतं.

मीटिंग मोडल्यावर मी जागेवर येऊन बंगळूरवाल्याचे इशारे चाळले. सन्मतीचं नाव तिथंही होतं. रोजच्या रोज होतं. हजारो ओळींच्या मधे एक ओळ, इतर ओळींसारखीच. ते एकटं असतं तर ती ओळ कुणीही, कधीही वाचली नसती.

धैर्यशीलनी मला आत बोलावून घेतलं. खुर्चीत बसलेही नव्हते, खिडकीशी उभे होते.

“रेवती, कोण आहे ते?”

“बाहेरचं कुणी नाही. जयसिंगपूरच्या त्यांच्या घरच्याच इंटरनेटवरून होतंय. सन्मती आजारी पडला तेव्हा घरून काम करत होता. त्याचा लॅपटॉप तिथंच राहिलाय.”

“अण्णा?”

“अण्णा त्या वेळी इथं असतात. घरी मालनकाकू एकट्याच.”

सन्मती धैर्यशीलांचा लाडका होता. डिझाइन विभागात आला तेव्हा पोरगेला दिसायचा, पण जर्मन लोकांची रेखाचित्रं त्याच्याइतकी कुणाला कळत नसत. तो गेल्यावर त्यांचे मेल त्याच्याच नावावर येत राहिले, म्हणून खातं काही दिवस चालू ठेवा असं धैर्यशीलनीच सांगितलं होतं. पुढं मेल दुसऱ्या माणसाकडं वळवले आणि खात्याचं सगळेच विसरले.

“मी त्या पोराच्या तिरडीला खांदा दिलाय,” ते म्हणाले. “पण त्या खात्यात जर्मनांची रेखाचित्रं आहेत. तपासणीला माणूस येतोय. मेलेल्या माणसाचं खातं, कंपनीच्या बाहेर राहिलेला लॅपटॉप… हे सापडलं तर काम गेलं म्हणून समज. शेकडो घरं आहेत याच्यावर.”

“मी बोलते अण्णांशी.”

“बोल बाई. माझ्या तोंडून नाही निघायचं. आणि ते पुणेवालंच घेऊन टाकू. चांगलं आहे म्हणायचं.”

अण्णा पॅटर्न शॉपमध्ये एका नमुन्याच्या कडेवरून पॉलिश पेपर फिरवत होते. ते काम त्यांच्या हुद्द्याचं नव्हतं.

“अण्णा, मला तुमच्या घरी यायचंय.”

“या की,” मान वर न करता ते म्हणाले. “उद्या दुपारी चला. जेवणानंतर. त्याच वेळेला दिसेल तुम्हाला.”

त्यांना वेळ कशी माहीत, हे विचारायचं मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीतून आम्ही निघालो. हातकणंगले मागं पडेपर्यंत ते बाहेर बघत बसले होते. मग आपणहून बोलायला लागले.

“डेंग्यू होता, हे आम्हाला शेवटी कळलं. साधा ताप म्हणून घरात पडून होता. त्या दिवशी जर्मनीचे पाव्हणे यायचे होते. ह्यानंच काढलेलं ड्रॉइंग, ह्यानंच समजावून सांगायला पाहिजे. मालन म्हणाली, नको पाठवू पोराला, अंगाचा चटका बसतोय. मी म्हटलं, एवढा एक दिवस काढ, मग महिनाभर झोप. मीच गाडीवर मागं बसवून घेऊन आलो. संध्याकाळी परत नेला तवा हिरड्यांतनं रक्त यायला लागलं होतं.”

समोर ऊस भरलेला ट्रॅक्टर चालला होता, त्याच्या मागं मी गाडी हळू केली.

“तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.”

“अजिबात?”

“ताट वाढते. कपडे धुते. आजारी पडलो तर उशाला काढा आणून ठेवते. बोलत नाही. सुरुवातीला वाटलं, दिवस गेले की निवळेल.”

घर जयसिंगपूरच्या आखीव गल्ल्यांपैकी एकीत होतं. बैठं, स्वच्छ, दाराशी तुळस. अण्णा ओसरीवरच थांबले, चपला काढल्यानंतरही आत आले नाहीत. मालनकाकू दारात आल्या. बारीक चणीच्या, कपाळावर कुंकू, केस पार पिकलेले. अण्णांच्या अंगावरून त्यांची नजर भिंतीवरून जावी तशी गेली.

“या. ऑफिसच्या काय?”

“मी रेवती. सन्मतीच्या शेजारच्या खोलीत बसायचे.”

“रेवती शिरगुप्पे.” त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. “सांगायचा तो. तुम्हाला माझी शेंगाची चटणी आवडते म्हणून डब्यात जास्त मागून न्यायचा.”

त्यांनी पाणी दिलं, गूळ दिला. बैठकीच्या खोलीत खिडकीशी टेबल होतं, त्यावर भरतकामाचा रुमाल पांघरलेला लॅपटॉप. त्यांनी रुमाल घडी करून बाजूला ठेवला, झाकण उघडलं आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, पासवर्ड दाबला.

“तापात पडून तो सांगायचा आणि मी दाबायची. तवापासून पाठ आहे. बसा. आता वाजेल.”

आम्ही दोघी त्या पडद्याकडं बघत बसलो. जरा वेळानं एक हलका आवाज झाला आणि कोपऱ्यात लहानशी चौकट उमटली. त्यात सन्मतीनं लिहून ठेवलेली आठवण होती: *आईला फोन. गोळी घेतली का?*

काकूंनी टेबलावरच्या पाकिटातून रक्तदाबाची गोळी काढली, तोंडात टाकली, तांब्यातलं पाणी वरून प्यायल्या. मग पडद्याकडं बघून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “घेतली रे.” आणि चौकट बंद केली.

“रोज ह्या वेळेला फोन करायचा,” त्या मला म्हणाल्या. “मला वाटायचं, काय पोराची आठवण म्हणायची, एक दिवस चुकत नाही. आजारात कळलं, हे मशिन त्याला सांगायचं. मी चेष्टा केली त्याची. म्हटलं, तू कुठं करतोस, मशिन करतंय. तर म्हणाला, मशिनला सांगणारा मीच ना आई.”

मला जे सांगायचं होतं ते मी कसं सांगितलं ते आठवत नाही. कंपनी, जर्मनी, रेखाचित्रं, नियम, असले शब्द मी वापरले असणार. त्या शांतपणे ऐकत होत्या.

“मी काय चोरलं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही काकू. तसं नाही.”

“मी दुसरं काही उघडत नाही. हे वाजलं की गोळी घेते आणि झाकून ठेवते. कुणाचं काय बिघडतं?”

“कुणाचंच नाही.”

“मग?”

मी म्हटलं, मी दुसरा लॅपटॉप आणून देते, तीच आठवण लावून देते, त्याच वेळेला वाजेल, तेच शब्द येतील.

“ते तुम्ही लावलेलं असेल,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी लॅपटॉपवर रुमाल घातला. कडा सारख्या केल्या. ओसरीकडं डोळे वळवून, पण हळू नाही, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “ह्यांनी सांगितलं होय तुम्हाला?”

“नाही काकू. अण्णांनी नाही. आम्ही एक नवीन सॉफ्टवेअर आणलंय, त्यानं दाखवलं.”

“मशिननं सांगितलं.”

“हो.”

“बरं,” त्या म्हणाल्या. त्यांचा एका अक्षरावरही विश्वास बसला नव्हता, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी लॅपटॉप न घेताच निघाले. अण्णा ओसरीच्या पायरीवर बसून होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. गाडीत बसताना एवढंच म्हणाले, “लहानपणापासून ती अशीच आहे. एकदा मनात बसलं की बसलं.” त्या दोघांचं मामा-आत्याच्या पोरांचं लग्न होतं, हे तेव्हा मला कळलं.

मी प्रयत्न केले. तन्मयला फोन लावला. मीटिंगनंतर तो बिचारा माझी दोनदा माफी मागून चुकला होता.

“मॅडम, ते समोर बसलेत हे मला माहीत असतं तर…”

“ते राहू दे. या एका खात्याला सूट देता येईल का? इशाराच येऊ नये असं?”

“येईल ना. दोन मिनिटांचं काम.” मग तो थांबला. “पण सूट दिली हेसुद्धा त्याच्यात नोंदलं जातं. कुणी दिली, कधी दिली, का दिली. तपासणीचा माणूस पहिल्यांदा तेच बघतो. ते कुणाला पुसता येत नाही. मलाही नाही.” आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “चांगलं सॉफ्टवेअर म्हणजे तेच ना, मॅडम.”

धैर्यशीलना मी म्हटलं, रेखाचित्रं काढून घेऊ, मेल काढून घेऊ, फक्त ती एक आठवण राहू द्या. त्यांनी ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणीही आलं त्यांच्या. पण म्हणाले, “तपासनीसाला काय सांगू? मेलेल्या माणसाच्या नावावर आम्ही गोळीची आठवण ठेवलीय?” मी म्हटलं, तेच सांगा, जे आहे ते. ते म्हणाले, “रेवती, तो कागद बघायला येणारा माणूस आहे. त्याला आई दिसणार नाही.” तपासणी जवळ आली होती. “तुझ्याकडून होत नसेल तर मी सुरक्षा विभागाची माणसं पाठवतो लॅपटॉप आणायला.”

ती वेळ आली नाही. पुढच्या सकाळी अण्णाच माझ्या खोलीत आले. हातात बाजाराची कापडी पिशवी होती. त्यातून त्यांनी लॅपटॉप काढून माझ्या टेबलावर ठेवला. वरचा रुमाल तसाच होता.

“काकूंनी दिला?”

“बस्तीत गेली होती, देवाच्या दर्शनाला. तेवढ्यात उचलून आणला.”

“अण्णा, असं कशाला केलंत?”

“माणसं जाणार होती न्यायला. परक्यानं तिच्या हातातनं ओढून घेण्यापेक्षा मी घेतलेला बरा. माझ्यावर राग आहेच, त्यात हा एक.” त्यांनी खुर्ची ओढली. “तुम्ही काय करायचं ते करा. मी बसलो तर चालेल ना?”

मी हो म्हटलं. माझी बोटं कीबोर्डवर होती, पण हलत नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांना तेव्हा विचारलं, “अण्णा, तुम्हाला माहीत होतं ना? तुम्ही मला बरोबर वेळ सांगितलीत. काकू तर तुमच्याशी बोलत नाहीत.”

ते हाताच्या पंज्याकडं बघत राहिले. लाकडाचा भुसा नखांच्या कडांना बसलेला होता.

“आपल्या कॉम्प्युटरवर ते निरोप पाठवायचं आहे ना, सगळ्यांची नावं दिसतात बघा. जो चालू असेल त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका येतो.”

“हो.”

“तो गेल्यावर महिनाभरानं असेल. दुपारी सहज बघितलं तर सन्मतीचं नाव हिरवं. माझं काळीज थांबायची वेळ आली. मग दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. डोकं लढवलं तवा कळलं, ही उघडते. का उघडते ते एकदा सुट्टीच्या दिवशी घरात बघितलं. गोळी घेते.”

त्यांनी एका नखाच्या कडेचा भुसा उकरून काढला.

“मग मी रोज त्या वेळेला हातातलं काम सोडून स्क्रीनपुढं जाऊन बसायचो. ठिपका आला की कळायचं, जेवली आहे, बरी आहे, गोळी घेतली. जरा उशीर झाला तर माझा जीव वरखाली. दोन-चार मिनिटं दिसायचा आणि जायचा. तेवढं तिच्याकडनं मला यायचं, मॅडम. दिवसभरात तेवढंच.”

“काकूंना हे माहीत आहे?”

“छे. सांगितलं असतं तर तिनं उघडणं बंद केलं असतं.”

मी म्हटलं, अण्णा, मी नाही करत हे. मी राजीनामा देते, दुसरं कुणी करू दे. ते म्हणाले, “कुणीतरी करणारच की. तुम्ही ओळखीच्या आहात. तुम्हीच करा.” जणू शेवटचं पाणी कुणी पाजायचं ते ठरवत होते.

मी खातं बंद केलं. लॅपटॉप पुसला. त्याआधी त्यातले त्याचे काही फोटो, कॉलेजातलं एक गाणं म्हणतानाचं चित्रीकरण असं जे खासगी होतं ते बाजूला काढलं, आणि माझ्या स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर घातलं. तीच आठवण, तेच शब्द, तीच वेळ लावली. रुमाल घालून तो अण्णांच्या पिशवीत ठेवला. त्यांनी हात जोडले. मला त्या हातांकडं बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप परत आला. रुमाल तेवढा काकूंनी काढून घेतला होता.

“चपलांच्या शेजारी ठेवला होता,” अण्णा म्हणाले. “एकदा वाजला तिथं. तिनं ऐकलं. उठून आत गेली.”

“आणि गोळी?”

“मी ताटाच्या कडेला ठेवतो. ती ताट घासायला टाकते तवा गोळी तशीच असते.”

नंतर मी रोज विचारायचे आणि ते रोज मान हलवायचे. त्यांनी शेजारणीकडून सांगून बघितलं, डॉक्टरांना घरी आणून बघितलं. स्वतः काकूंच्या पायाशी बसून बघितलं. डॉक्टरांना त्या म्हणाल्या, घेते. शेजारणीला म्हणाल्या, घेतली. मी एकदा गेले तेव्हा दार उघडलंच नाही, आतून कडी होती आणि नळ चालू असल्याचा आवाज येत होता. अण्णा म्हणायचे, चिडून तरी बोलेल असं वाटतं मला, पण नाही.

तपासणी पार पडली. जर्मनीहून आलेला माणूस भला होता, त्यानं सगळं बारकाईनं पाहिलं आणि सन्मतीच्या खात्याच्या नोंदीशी आल्यावर तो खूष झाला. म्हणाला, धोका वेळेत ओळखला आणि वेळेत बंद केला, उत्तम. त्यानं ते आपल्या अहवालात वेगळं लिहिलं. काम मिळालं. धैर्यशीलनी सगळ्या फाउंड्रीत पेढे वाटले. पुणेवालं कायमचं बसलं. तन्मयचा आभाराचा मेल आला. आमचं उदाहरण, नाव न घेता, तो पुढं इतर कंपन्यांनाही सांगणार होता.

पावसाळा संपत आला असताना अण्णा एक दिवस आले नाहीत. दुपारी कळलं, मालनकाकूंना अर्धांगाचा झटका आला, मिरजेला नेलंय. त्या वाचल्या. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली.

अण्णांनी नोकरी सोडली. निरोप समारंभाला आले नाहीत. धैर्यशील स्वतः घरी जाऊन शाल देऊन आले, आणि परतल्यावर दिवसभर केबिनमधून बाहेर पडले नाहीत.

मी जायला फार उशीर केला. जाणं जमत नव्हतं असं नाही, धीर होत नव्हता. शेवटी फाउंड्री सोडायचं ठरवलं तेव्हा, एका रविवारी सकाळी गेले. दार सताड उघडं होतं. बैठकीच्या खोलीत खिडकीशी, जिथं टेबल होतं तिथं, कॉट टाकली होती. काकू उशांना टेकून बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, कुंकू लावलेलं. ते अण्णाच लावत होते, जरा वाकडं लागलं होतं. ते वाटीतून पेज भरवत होते.

“या मॅडम. बघ, कोण आलंय. रेवती आलीय.”

काकूंनी माझ्याकडं बघितलं. ओळखलं असावं. मग त्यांचे ओठ हलायला लागले. एका बाजूनं तोंड ओढलं जात होतं, घशातून एक घोगरा आवाज येत होता, आणि बघणं मात्र माझ्याकडं नव्हतं. अण्णांकडं होतं.

“आता बोलायचं असतं तिला,” अण्णा म्हणाले. “सारखं. मला बघितलं की लागते. पण कळत नाही मला. डॉक्टर म्हणतात, समज सगळी शाबूत आहे, फक्त शब्द निघत नाहीत. हो म्हणायचं असलं की डोळे मिटते. तेवढ्यावर चाललंय.”

ते तिच्याकडं वाकले. “पाणी पाहिजे?”

काकू टक लावून बघत राहिल्या.

“ऊन येतंय डोळ्यावर?”

नाही.

“कूस बदलायची? पेज नको झाली?”

नाही. तो आवाज पुन्हा आला, आधीपेक्षा मोठा. डाव्या हाताची मूठ चादरीवर आपटत होती. अण्णा एकामागून एक विचारत गेले. पंखा, औषध, पोट, शेजारची सुमन, देवाचा दिवा. त्यांच्या आवाजात कंटाळा नव्हता. रोज ते हेच करत असणार. मी उठले, पदर सावरला, येते म्हटलं, तरी ते दोघंही माझ्याकडं वळले नाहीत.

दारात पोचले तेव्हा अण्णांनी वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांनी अगदी हळू विचारलं.

“माझ्यावर राग आहे अजून?”

मी मागं वळून बघितलं. ओठ हलायचे थांबले होते. मूठ सैल पडली होती. मालनकाकूंनी अण्णांकडं एकदा नीट, पुरतं बघून घेतलं, आणि डोळे मिटले.

अण्णांनी मान हलवली. पंचाच्या टोकानं तिच्या तोंडाची कड पुसली, वाटी उचलली, आणि पुढचा घास भरवायला ती डोळे उघडायची वाट बघत बसले.